लोहित : दिलं, पण स्वत्व सोडलं नाही

साक्रीत बसून सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर काय बोलायचं, असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. पण आपली मराठी, आपली अहिराणी संगणकावर ज्या अक्षरांत दिसते, त्या अक्षरांशीच हा विषय जोडलेला आहे.

युनिकोडच्या आधी दर कंपनीचा फाँट वेगळा नि त्याचं संकेतनही वेगळं. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की नुसती गिचमीड. युनिकोडने अक्षरांना सर्वमान्य क्रमांक दिले. तरी अक्षर दिसायला फाँट लागतोच, आणि फाँट ही कुणाची तरी मालमत्ता असते. लिनक्स वाटणाऱ्यांना तर सोबत मोकळेपणाने देता येईल असाच फाँट हवा होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले फाँट रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ या नावाने जीपीएल परवान्याखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावातली लाल टोपी तुम्ही ओळखली असेलच.

आता आम्ही तत्त्वज्ञानवाले, म्हणून जरा थांबतो. आपल्या शास्त्रकारांनी दानाची व्याख्या फार काटेकोर केली आहे : देणाऱ्याचं स्वत्व संपलं पाहिजे आणि घेणाऱ्याचं उत्पन्न झालं पाहिजे. या कसोटीवर लोहित हे दान नव्हेच! इथे स्वत्व संपत नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त आले. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच, लिहिणारा नव्हे. कोड खुला करताना कंपनी हा हक्क टाकून देत नाही. उलट त्याच्याच जोरावर अट घालते : वापरा, बदला, वाटा, पण बदललेलं वाटाल तर याच परवान्याखाली. हक्कच सोडला, तर ही अट कशाच्या बळावर पाळून घेणार?

जीपीएल मुळात प्रोग्रॅमसाठी लिहिलेला. फाँट मात्र पीडीएफच्या पोटात जाऊन बसतो. मग त्या पुस्तकालाही जीपीएल लागू होतो का? शंका अगदीच पोकळ नव्हती. फाँटसाठी खास सूट जोडावी, असं जीपीएलच्या कर्त्यांनीच सुचवलं आहे. सप्टेंबर २०११ मध्ये लोहित ‘एसआयएल ओपन फाँट लायसन्स’खाली आला. परवाना असा बदलणं हक्कधारकालाच शक्य असतं. बाहेरच्या दहाजणांनी भर घातली असेल, तर त्या दहाजणांची संमती लागते. म्हणून कंपन्या भर घालणाऱ्यांकडून आधीच लिहून घेतात. आम्हाला यात थोडी सावकारी दिसते, पण ते असो. आधी जीपीएलखाली घेतलेल्या प्रती मात्र त्याच अटींवर घेणाऱ्यांकडे राहतात.

नव्या परवान्यात नुसता फाँट विकायला मनाई आहे, सॉफ्टवेअरसोबत विकायला नाही. आणि फाँट वापरून केलेल्या दस्तऐवजाला तो परवाना लागू होत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. साक्रीतल्या एखाद्या मुलीने स्वतःच्या अहिराणी कविता लोहितमध्ये छापल्या, तर त्यांचा कॉपीराइट तिचाच. विकायच्या की फुकट वाटायच्या, ते तिने ठरवायचं.