बिडीच्या बंडलावरचे ८५ टक्के

गोंदियाजवळच्या बिरसीचे नाव आज विमानतळामुळे घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेली ही धावपट्टी. अलीकडे तेथे वैमानिकांचे प्रशिक्षणही चालते. पण या परिसराचा इतिहास धावपट्टीपेक्षा एका पानाने अधिक घडवला. ते पान टेंभुर्णीचे, बाजारातल्या नावाने तेंदूपत्ता. त्या पानात वळल्या जाणाऱ्या तंबाखूविषयी लोकसभेच्या एकाच समितीने वीस वर्षांच्या अंतराने दोनदा मत दिले आणि दुसरे मत पहिल्याच्या नेमके उलट्या दिशेचे निघाले. हा धागा त्या दोन मतांविषयी आहे.

आधी बिडीविषयी. पान येथल्या जंगलातले, तंबाखू मुख्यतः गुजरातेतून येणारा आणि माल बाहेर नेण्यासाठी रेल्वेचे जंक्शन, अशा योगामुळे गोंदिया बिडीचे मोठे केंद्र झाले. याच व्यवसायातून पुढे आलेले मनोहरभाई पटेल आमदार झाले आणि १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. भांडवल शहरात राहिले. बिडी मात्र खेड्यापाड्यांतल्या घरांत वळली जात होती, बहुधा बायकांच्या हातून. मजुरी हजार बिड्यांवर, आणि ठेकेदाराने ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची मेहनत वाया. या कामगारांसाठी १९६६ मध्ये सेवाशर्तींचा कायदा झाला आणि १९७६ मध्ये कल्याण निधी उभा राहिला.

आता समितीविषयी. संसद कायदा करते तेव्हा तपशील नियमांवर सोपवते. पाकिटावर इशारा हवा, हे कायदा सांगतो. तो किती मोठा, कोणत्या बाजूला, चित्रासह की चित्राविना, हे मंत्रालय नियम करून ठरवते. नियम करण्याच्या या अधिकाराचा वापर नीट होतो की नाही हे तपासणारी समिती म्हणजे अधीनस्थ विधान समिती. महाराष्ट्र विधिमंडळात तिला उपविधान समिती म्हणतात. पहिले लोकसभाध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या कारकिर्दीत, १९५३ मध्ये, ती प्रथम नेमली गेली. पंधरा सदस्य, सर्व अध्यक्षांनी नामनिर्देशित केलेले. मंत्र्याला तिच्यात जागा नाही. बैठका बंद दाराआड होतात, सचिवांना बोलावून प्रश्न विचारले जातात आणि अहवाल सभागृहात मांडला जातो. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण त्यांवर काय केले हे सरकारला कळवावे लागते.

याच समितीने १९९५ च्या डिसेंबरात, अमल दत्त यांच्या अध्यक्षतेखाली, तंबाखूविषयी अहवाल दिला. तेव्हा लागू होता १९७५ चा कायदा. तो फक्त सिगारेटपुरता होता आणि त्यातला इशारा वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटावा इतका सौम्य. समितीने सरकारला सांगितले की इशारे कडक करा आणि सिगारेटपलीकडच्या तंबाखूलाही त्यांच्या कक्षेत आणा. म्हणजे मंत्रालय जेथे थांबले होते, त्याच्या पुढे जाण्यास समिती सांगत होती.

नवे विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत आले आणि मानव संसाधन विकासविषयक स्थायी समितीकडे छाननीसाठी गेले. विभागवार स्थायी समित्यांची ही व्यवस्था १९९३ ची, म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचे शिवराज पाटील लोकसभाध्यक्ष असतानाची. आरोग्य आणि क्रीडा हे दोन्ही विषय तेव्हा या एकाच समितीच्या कक्षेत होते. आरोग्यासाठी वेगळी समिती २००४ मध्ये झाली. तंबाखूच्या प्रश्नात हे दोन विषय अलग करणे तसेही अवघड होते. १९९६ चा क्रिकेट विश्वचषकच ‘विल्स’ नावाने खेळला गेला होता आणि भारतीय संघाच्या पोशाखावरही हेच सिगारेटचे नाव झळकत असे. विधेयकाची चाहूल लागताच आयटीसी कंपनीने २००१ मध्ये क्रीडा प्रायोजकत्व सोडले. २००३ च्या कायद्याने अशा प्रायोजकत्वावर बंदीच घातली. चौकाचौकांत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या दृष्टीने या कायद्याचा हा सर्वांत मोठा परिणाम असावा, आणि त्याची चर्चा मात्र फारच थोडी झाली.

चित्रांचे इशारे ३१ मे २००९ पासून आले, तेही पुढच्या बाजूच्या ४० टक्के भागापुरते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी आरोग्य मंत्रालयाने नवा नियम काढला: दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला हवा, सिगारेट असो वा बिडी. अंमल १ एप्रिल २०१५ पासून होणार होता.

हा नियम अधीनस्थ विधान समितीपुढे गेला तेव्हा तिचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. आपली तपासणी पूर्ण होईपर्यंत अंमलबजावणी थांबवावी, असे समितीने सुचवले आणि मार्च २०१५ च्या अखेरीस मंत्रालयाने ती थांबवली. त्याच सुमारास गांधी यांनी जाहीरपणे सांगितले की तंबाखूमुळे कर्करोग होतो असे दाखवणारे भारतीय संशोधन नाही, जे आहे ते परदेशातले. महाराष्ट्रात हे विधान विशेष झोंबले. राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने १६ फेब्रुवारीला गेले होते. मधे जेमतेम सहा आठवडे.

विधान वस्तुस्थितीलाही धरून नव्हते. तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांचे कर्करोग यांच्या संबंधावर एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि वसंत रामजी खानोलकर यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९५५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. नियतकालिक विलायती असले तरी रुग्ण मुंबईचे होते आणि संशोधकही मुंबईचेच. प्रभात झा, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांचा देशव्यापी अभ्यास २००८ मध्ये आला, त्यात बिडी ओढणारेही होते. साठ वर्षांचे हे संशोधन असताना त्याच्या अस्तित्वावरच शंका घेतली गेली.

दुसरा आक्षेप समितीच्या रचनेवर होता. अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता तिचे सदस्य होते आणि बिडी उद्योगाचे मालकही. ज्या विषयात सदस्याचा वैयक्तिक आर्थिक हितसंबंध असेल त्या समितीवर त्याच्या असण्याला हरकत घेता येते, अशी तरतूद लोकसभेच्या नियम २५५ मध्ये आहे. पण हरकत कोणीतरी घ्यावी लागते. नियम आपोआप लागू होत नाही.

उद्योगाने पुढे केलेला रोजगाराचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नव्हता. गोंदिया-भंडाऱ्यात, सोलापुरात, सिन्नरात, खुद्द गांधी यांच्या अहमदनगरात हजारो घरे बिडीवर चालली आहेत. पण समितीसमोरचा नियम चित्राच्या आकाराचा होता. त्या बायकांची मजुरी, छाटीतली लूट, तंबाखूच्या धुळीने लागणारा खोकला यांतले काहीही चित्र लहान केल्याने बदलणार नव्हते. वळणाऱ्या हातांची कड घेताना पेढीचीच बाजू अधिक मांडली गेली, असे म्हणण्यास जागा आहे. शिवाय नियम कायद्याच्या चौकटीत आहे का, हा या समितीचा मूळ प्रश्न. वैद्यकशास्त्राचा निवाडा करणे हे तिचे काम नव्हे.

अंतिम अहवाल मार्च २०१६ मध्ये आला. शिफारस होती ८५ ऐवजी ५० टक्क्यांची. मंत्रालयाने ती मानली नाही आणि १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू केला. समितीच्या शिफारशी बंधनकारक नसणे ही एरवी तिची दुबळी बाजू समजली जाते. येथे तिच्यामुळेच नियम वाचला. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो रद्द ठरवला, पण जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि चित्रे बंडलावर कायम राहिली.

याच काळात, १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर आला आणि बिडीवरचा कल्याण उपकर त्याच्याबरोबर रद्द झाला. १९७६ पासून कामगारांचे दवाखाने आणि त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या याच उपकरातून चालत होत्या. बंडलावरच्या चित्राच्या आकारावर दोन वर्षे वाद झाला होता. उपकराच्या जाण्याची बातमी मात्र करबदलांच्या लांबलचक यादीतली एक ओळ होती.