माणेकजी असलाजी आणि अमीर बिन अली

कर्जत-खालापूरकडच्या माणसाने आपल्या खानदानाचा शजरा जुळवायला घेतला की 1891 या सालाशी तो हमखास अडतो. त्या साली कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाब्याला जोडला गेला आणि त्याच्याबरोबर खालापूरचा पेटाही गेला. म्हणून त्याआधीच्या कागदासाठी ठाण्याचा विचार करावा लागतो, नंतरच्यासाठी अलिबागचा. आम्ही हे साल निराळ्या कारणाने हाती घेतले. त्याच वर्षी एप्रिलच्या एकाच आठवड्यात दोन मृत्यू-प्रकरणे घडली, एक मुंबईत आणि एक न्यूयॉर्कमध्ये. दोन्हींचा उलगडा झाला नाही. दोन्हींतल्या संशयितांची नावे मात्र आजही घेतली जातात.

25 एप्रिल 1891 रोजी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून बचूबाई आणि त्यांच्या नात्यातल्या पिरोजबाई या दोन तरुण पारशी स्त्रियांचा अंत झाला. हा मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला होता आणि त्याला त्यांच्या आईचे नाव दिले होते. या स्त्रियांनी स्वतः उडी घेतली, की अब्रू वाचवताना त्या पडल्या, की कोणी ढकलले, यावर शहर पेटून उठले. माणेकजी असलाजी यांच्यावर खुनाचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. कायद्याच्या लेखी ते प्रकरण तिथे संपले. लोकांच्या लेखी संपले नाही.

आता दोन्ही बाजूंची घराणी पाहा. बचूबाईंचे पती अर्देशीर गोदरेज. त्यांनी 1897 मध्ये कुलपांचा कारखाना काढला, दुसरे लग्न केले नाही आणि 1936 मध्ये ते वारले. भाऊ पिरोजशा यांनी कारभार वाढवला. या घराण्यावर पुस्तके निघाली, वंशवृक्ष छापले गेले. आणि माणेकजींचे घराणे? इतिहास सांगणारे त्यांच्याबद्दल एका वाक्यापुढे क्वचितच जातात. पारशी रिवाजात आपल्या नावापुढे बापाचे नाव लागते. त्या हिशेबाने 'असलाजी' हा शब्द आडनाव म्हणून घेऊन त्यावरून नातलग शोधत सुटणारा पहिल्याच पायरीवर चुकेल. एका बापाचे नाव त्याने अख्ख्या खानदानावर चिकटवलेले असेल.

न्यूयॉर्कमध्येही एका माणसाच्या जिवावर बेतले होते. 24 एप्रिलला तिथल्या ईस्ट रिव्हर हॉटेलात कॅरी ब्राऊन या स्त्रीचे प्रेत सापडले. लंडनमध्ये 1888 साली झालेले 'जॅक द रिपर'चे खून ताजे होते, आणि आपल्या शहरात असा खुनी लगेच पकडला जाईल, अशी बढाई तिथले पोलीस अधिकारी थॉमस बर्न्स मारून बसले होते. समोरच्या खोलीत उतरलेला एक अल्जेरियन मुसलमान त्यांच्या हाती लागला. त्याचे नाव अमीर बिन अली, म्हणजे अलीचा मुलगा अमीर. पोलीस आणि वर्तमानपत्रे त्याला 'फ्रेंची' म्हणत. त्याची भाषा दुभाष्याशिवाय कोणाला कळत नव्हती. त्याला जन्मठेप झाली. पुढे जेकब रीस यांच्यासारख्या पत्रकारांनी शपथेवर सांगितले, की पोलिसांच्या आधी आपण तिथे गेलो तेव्हा दोन खोल्यांमध्ये रक्ताचा माग नव्हता. 1902 मध्ये, सुमारे अकरा वर्षांनी, तो सुटला.

'बिन' हा शब्द आपल्याला परका नाही. जुन्या मराठी दप्तरांत 'बिन' आणि 'वलद' पानोपानी येतात, आणि ते केवळ मुसलमानांच्याच नावांत येतात असेही नाही. मराठा पाटलाच्या नावातही 'बिन' दिसतो. आपल्या कोकणात आडनावे पडली ती कधी गावावरून, कधी काझी, खतीब, मुल्ला अशा कामावरून. दोन घरांचे आडनाव एक असले म्हणजे रक्त एक, असे होत नाही. निकाहनामा, जमिनीचा फेरफार, वारसाची नोंद यांत बाप, गाव आणि साल तिन्ही जुळले, तरच नाते मानावे.

संशयिताचे नाते शोधताना तर ही शिस्त दुप्पट हवी. खरा वारस सापडला तरी गुन्हा सापडत नाही, आणि चुकीचा वारस सापडला तर एका निरपराध घराच्या दारावर शंभर वर्षांपूर्वीचा डाग लागतो. बाप-भावाच्या नावावरून साऱ्या घराकडे बोट दाखवले जाते तेव्हा काय होते, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आपल्यापैकी कोणी शजरा लिहायला बसला आणि त्यात कोर्टाची पायरी चढलेला एखादा पूर्वज निघाला, तर त्याचे नाव खोडू नये. फक्त आरोपाशेजारी निकालही लिहावा. माणेकजी असलाजी: निर्दोष. अमीर बिन अली: अकरा वर्षांनी मुक्त. बहुतेकांनी पहिला शब्द लिहिला आणि दुसरा लिहायचा राहून गेला.