मराठी माणसाला कोंकणी किती समजते?

जुन्नर तालुक्यातल्या डिंगोरे गावचा एखादा शेतकरी पहिल्यांदाच गोव्याला गेला आणि मडगावच्या बाजारात उभा राहिला, तर आजूबाजूचे बोलणे त्याला कितपत कळेल? ‘कोंकणी म्हणजे मराठीच की, जराशी वेगळी’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, त्यामुळे उत्तर ‘जवळजवळ सगळे’ असेच येते. प्रत्यक्षात बोलणे कशाबद्दल चालले आहे ते त्याला कळेल. काय ठरले ते बहुधा कळणार नाही.

डिंगोऱ्याचे उदाहरण मुद्दाम घेतले. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाने शेजारपाजारी मालवणी, कोंकणी ऐकलेली असते. कल्याण-नगर रस्त्यावरच्या, माळशेज घाटाच्या वरच्या या गावात तशी संधी कमी. दोन भाषा मुळात किती जवळच्या आहेत हे तपासायचे, तर दुसरी भाषा फारशी कानावरून न गेलेला माणूस लागतो. भाषाभ्यासक इथे दोन गोष्टी वेगळ्या करतात. भाषा सारख्या असल्यामुळे आपोआप समजते ते एक आणि ऐकून ऐकून सरावाने समजते ते दुसरे. रोजच्या गप्पांत आपण या दोन्हींची गल्लत करतो.

आता गोव्यातल्या कोंकणीची ही पाच वाक्ये वाचा. अर्थ खाली दिला आहे, पण आधी स्वतः लावून पाहा.

तुजें नांव कितें?
काल तूं खंय गेल्लो?
हांव फाल्यां बाजारांत वतां.
म्हाका उदक जाय.
म्हाका खबर ना.

पहिले सोपे आहे: तुझे नाव काय? दुसऱ्यात ‘काल’ आणि ‘गेल्लो’ कळतात, पण ‘खंय’ म्हणजे कुठे हे माहीत नसेल तर प्रश्न काय विचारला तेच हातातून सुटते. तिसऱ्याचा अर्थ ‘मी उद्या बाजारात जातो’. यातला फक्त बाजार आपल्या ओळखीचा. कोण, कधी आणि काय करणार, हे तिन्ही अंधारात. चौथे वाक्य फसवे आहे. ‘उदक’ आपल्याला पूजेमुळे माहीत असते, ‘जाय’ हा शब्द जाण्याचा वाटतो आणि पाणी कुठेतरी जाते आहे असा समज होतो. कोंकणीत ‘जाय’ म्हणजे ‘पाहिजे’. त्या माणसाला फक्त प्यायला पाणी हवे आहे. पाचवे वाक्य ‘मला माहीत नाही’ असे सांगते. ‘माझ्याकडे बातमी नाही’ असा अर्थ तुम्ही लावला असेल, तर फार चुकले नाही.

कळलेले आणि न कळलेले शब्द शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. नाव, काल, बाजार, उदक असे वजनदार शब्द दोन्हीकडे सारखे आहेत. अडतात ते हांव, म्हाका, कितें, खंय, जाय, ना हे बारके शब्द, आणि बोलण्यात तेच सर्वांत जास्त येतात. म्हणून विषय कळतो आणि निर्णय निसटतो. याचा फायदाही आहे. असे दहा-बारा शब्द पाठ करून गेलेला माणूस गोव्यात पहिल्याच दिवशी बरेच जास्त समजून घेतो.

शिवाय ही वाक्ये तुम्ही देवनागरीत, सावकाश वाचलीत. कानावर ती भराभर आणि अनुनासिक स्वरांसह पडतात. गोव्यातले अनेक ख्रिस्ती लोक कोंकणी रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे वाचताना मिळणारा हा आधारही जातो. त्यात खिडकीला ‘जनेल’, खुर्चीला ‘कदेल’ असे पोर्तुगीजातून आलेले शब्द भेटतात. मंगळूरकडच्या कोंकणीत कन्नड शब्दांची भर असते. तेव्हा ‘कोंकणी समजते का’ या प्रश्नाला ‘कुणाची कोंकणी?’ हा उपप्रश्न आहेच.

ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ

न कळलेल्या शब्दाचा धोका त्या मानाने कमी, कारण आपण पुन्हा विचारतो. चुकीचा कळलेला शब्द कुणी विचारत नाही. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘खाली’ हिंदीत रिकामे, मराठीत तळाकडे. यावर विनोद होतात आणि विषय संपतो. पण गुजरातीतला ‘आपघात’ पाहा. त्याचा अर्थ आत्महत्या. मराठी कानाला तो ‘अपघात’ ऐकू येतो. दवाखान्यात किंवा पोलिस चौकीत हा एक शब्द उलटा समजला तर काय होईल, याची कल्पना करता येते.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज या बहिणींतही हेच चालते. स्पॅनिशमध्ये ‘एक्सकिसितो’ म्हणजे रुचकर, पोर्तुगीजमध्ये जवळजवळ तोच शब्द ‘विचित्र’ या अर्थाने येतो. स्पॅनिश पाहुण्याने लिस्बनमध्ये जेवणाची तारीफ केली तर यजमान बुचकळ्यात पडायचा.

या भाषांशी आपली तुलना बरी जमते. स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन आणि रुमानियन या सगळ्या लॅटिनपासून निघाल्या. डिंगोऱ्याच्याच तालुक्यात नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृतातला शिलालेख आहे. तो साधारणपणे इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानला जातो, म्हणजे सीझर लॅटिन लिहीत होता त्याच सुमाराचा. प्राकृतांतून आपल्या भाषा घडायला जितका काळ मिळाला, साधारण तितकाच लॅटिनच्या लेकींना मिळाला. लॅटिनमधले पाणी ‘आक्वा’. स्पॅनिशमध्ये त्याचे ‘आग्वा’ झाले, रुमानियनमध्ये ‘आपा’ आणि फ्रेंचमध्ये झिजून नुसते ‘ओ’ उरले. इटालियन माणसाला ‘आग्वा’ लगेच कळते. ‘ओ’ ऐकून त्याला तहान आठवत नाही.

समजण्याची दिशा

समजणे दोन्ही बाजूंनी सारखे नसते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या शार्लोट गूसकेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या १६ भाषांच्या भाषकांच्या ऑनलाइन चाचण्या घेतल्या. ‘तुम्हाला अमुक भाषा समजते का?’ एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत, कारण त्या प्रश्नाला माणसे अंदाजाने उत्तर देतात. उतारा ऐकवून त्यातल्या गाळलेल्या जागा भरायला लावल्या. रुमानियन माणसाला इटालियन, स्पॅनिश बरीच कळते. इटालियन किंवा स्पॅनिश माणसाला रुमानियन फार कमी. पोर्तुगीज भाषकही स्पॅनिश जास्त चांगली समजतात, उलट दिशेने तेवढे जमत नाही. एक कारण उच्चाराचे आहे. स्पॅनिशचे पाच स्वर मोकळे आणि स्पष्ट. पोर्तुगालमधली पोर्तुगीज आघात नसलेले स्वर गिळून टाकते. दुसरे कारण सवयीचे. मोठ्या भाषेचे सिनेमे आणि गाणी धाकट्या भाषेच्या घरात शिरतात, उलट प्रवास क्वचितच होतो.

गोव्यात हे ठळकपणे दिसते. मराठी वर्तमानपत्रे, मराठी शाळा, भजन-कीर्तन, नाटके यांत वाढलेल्या गोमंतकीय हिंदूला मराठी समजते एवढेच नाही, तर अनेकदा लिहिता-बोलताही येते. डिंगोऱ्याच्या माणसाला कोंकणीचा असा सहवास नसतो. म्हणून दोघांची भेट झाली की संभाषण मराठीत होते आणि मराठी माणूस परत येऊन सांगतो, ‘काही अडचण आली नाही, भाषा एकच आहे.’ अडचण समोरच्याने उचललेली असते, हे त्याच्या लक्षात येत नाही.

सवय काय करू शकते याचा पुरावा घरातच आहे. मालवणी ही मराठी आणि कोंकणी यांच्यामधल्या पुलासारखी. तिच्यात ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ आहेत. ‘वस्त्रहरण’ नाटकात मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच पाहून देशावरचे प्रेक्षक पोट धरून हसले. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आल्यावर ती भाषा घरोघरी पोचली. (टीव्ही डिंगोऱ्यातही आहेच, तेव्हा आपला नमुना शंभर टक्के कोरा नाही.)

मग भाषा की बोली?

या प्रश्नावरून गोव्यात मोठे वाद झाले आहेत. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात, १९०५ च्या सातव्या खंडात, कोंकणी मराठीखाली घातलेली आहे. १९६३ मध्ये अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेचा पहिला खंड निघाला, तो दक्षिण कॅनरातल्या कोंकणीवर! उलट सु. मं. कत्रे यांनी कोंकणीच्या घडणीचा स्वतंत्र अभ्यास करून तिला वेगळे स्थान दिले होते. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि वेगळा केंद्रशासित प्रदेश राहावा म्हणून १,७२,१९१. कोंकणी ही मराठीची बोली आहे हा विलीनीकरणवाद्यांचा एक मुख्य मुद्दा होता. पुढे १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

‘समजते म्हणून एकच भाषा’ हा युक्तिवाद कच्चा आहे, असे माझे मत. तो लावला तर स्पॅनिश आणि पोर्तुगीज एक करावी लागेल. उलट लावला तर अहिराणीला मराठीबाहेर काढावे लागेल, कारण ‘आंडोर’ म्हणजे मुलगा हे सातारच्या माणसाला सांगावे लागते. मालवणी ‘झील’ म्हणजेही मुलगाच, आणि तोही सांगावाच लागतो. दोन गावांमधली समज मोजता येते. भाषेचे नाव लोक आणि सरकार ठरवतात.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ पट्ट्यात हा विषय रोजच्या कामाचा होतो. तिथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा आदिवासी वस्त्या आहेत. ठाकरांची बोली मराठीच्या जवळची. कातकऱ्यांची स्वतःची बोली आहे आणि ज्या घरांत ती अजून बोलली जाते तिथले मूल पहिलीत येते ते पुस्तकी मराठी अर्धवट समजत. परक्या भाषेचे मूल असते तर शिक्षकाने अडचण ओळखली असती. इथे मूल ‘हो’ म्हणते, मान हलवते, आणि पुढे ते मंद ठरते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण करून गावागावांतली ध्वनिमुद्रणे इंटरनेटवर ठेवली आहेत. कोणत्या भागात कोणता शब्द चालतो हे त्यात सापडते. पण वर्गातली तपासणी त्याशिवायही होते. भाषाभ्यासक सर्वेक्षणात जे करतात तेच करायचे: एक छोटी, मुलाने कधी न ऐकलेली गोष्ट पुस्तकी मराठीत सांगायची आणि ‘कळली का?’ असे न विचारता त्याच्या बोलीत ती परत सांगायला लावायची. कोण कुठे गेले आणि शेवटी काय झाले हे त्याच्या सांगण्यात येते का, ते ऐकायचे.