न सुटणारा उपास

आमच्या खर्ड्यात उपासमारीचा इतिहास म्हटलं की लोक किल्ल्याकडे बोट दाखवतात. मार्च १७९५ मध्ये मराठ्यांपुढे हरलेला निजाम याच किल्ल्यात अडकला, रसद तुटली आणि त्याला तह करावा लागला. दुसरी आठवण १९७२च्या दुष्काळाची. दोन्ही वेळा अन्नाचीच टंचाई होती. त्यामुळे घरात धान्य असूनही एखादी मुलगी जेवेनाशी झाली, वाळत गेली, तर मी दोनच निदानं ऐकत आले: नखरे किंवा बाहेरची बाधा.

अशा आजाराला ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३-७४च्या सुमारास दिलं. रुग्णाची काळजी घ्यायला नातेवाईक सर्वांत अयोग्य, असं त्यांचं मत होतं. पुढे विसाव्या शतकातही दोष घरावर, त्यातही आईवर येत राहिला.

जुळ्यांच्या अभ्यासांनी हे चित्र बदललं. एकीला आजार असेल, तर दुसरीला तो होण्याची शक्यता एकसारख्या जुळ्यांमध्ये जास्त दिसली. माणसामाणसांतल्या धोक्याच्या फरकात निम्मा किंवा थोडा अधिक वाटा अनुवंशाचा निघाला. २०१९ मध्ये १६,९९२ रुग्णांच्या डीएनएची ५५,५२५ इतरांशी तुलना झाली आणि जनुकसंचात धोक्याशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. या धोक्याचं नातं मंत्रचळासारख्या मनोविकारांशी आहे, तसंच शरीर साखर आणि चरबी कशी वापरतं याच्याशीही आहे. एकच दोषी जनुक असं नाही. अनेक बारीक फरकांची ती बेरीज असते. ती असली म्हणजे आजार होईलच, असंही नाही.

पण त्या अभ्यासातले सगळे लोक युरोपीय वंशाचे होते. आपल्या मुली त्या आकड्यांत नाहीत. लक्षणांच्या यादीतही त्या नीट बसत नाहीत. १९९५ मध्ये भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुणींची नोंद केली. खाणं टाकलेलं, उलट्या, वजन घटलेलं, पाळी बंद. पण आपण जाड आहोत असं त्यांना वाटत नव्हतं. पाश्चात्त्य पुस्तकांत तर तेच मुख्य लक्षण.

एकादशीचा उपास बहुतेक जणींचा दुसऱ्या दिवशी सुटतो. एखादीचा सुटतच नाही, आणि घरचे तिच्या श्रद्धेचं कौतुक करत राहतात. तिचं वजन करा, पाळीबद्दल विचारा, डॉक्टरकडे न्या. या आजाराने माणसं मरतात. आईला बोल लावण्यात गेलेले महिने तिला परत मिळत नाहीत.