बॅटरसीचे महापौर



लंडन शहरांत कांहीं घरांच्या दर्शनी भिंतींवर वाटोळे निळे फलक लावलेले आढळतात. नामांकित स्त्रीपुरुष जेथें राहिले, त्या वास्तूवर अशी खूण ठेवण्याची योजना तेथें १८६६ सालीं सुरू झाली. थेम्स नदीच्या दक्षिणेस बॅटरसी नांवाचा भाग आहे. तेथील ब्रिनमेअर रोडवरील ५५ क्रमांकाच्या घरावर २०१३ सालीं असाच एक फलक बसविण्यांत आला. सामाजिक व वांशिक अन्यायाशीं झगडणारे बॅटरसीचे महापौर जॉन आर्चर येथें राहत असत, एवढाच त्यावरील मजकुराचा आशय आहे. परंतु या गृहस्थांच्या चरित्राचा एक धागा थेट आपल्या मुंबईशीं जुळलेला आहे.

आर्चर यांचा जन्म १८६३ सालीं लिव्हरपूल येथें झाला. वडील वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटाचे कृष्णवर्णीय, आई आयरिश. बॅटरसींत त्यांनीं छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. १९०० सालीं लंडनमध्यें भरलेल्या पॅन-आफ्रिकन परिषदेस ते उपस्थित होते. १९०६ सालीं ते बॅटरसीच्या नगरमंडळावर निवडून आले. नगरमंडळाच्या कामगारांस आठवड्यास निदान ३२ शिलिंग वेतन मिळावें, यासाठीं त्यांनीं यशस्वी खटपट केली.

१० नोव्हेंबर १९१३ रोजीं महापौरपदाची निवडणूक झाली. आर्चर यांस ४० मतें पडलीं, प्रतिस्पर्ध्यास ३९. त्यापूर्वीं वृत्तपत्रांनीं हा मनुष्य मूळचा कोठला, याविषयीं नाना तर्क लढविले होते. आपण लिव्हरपूलचे, असें आर्चर यांनीं शांतपणें सांगितलें. विजयानंतरच्या भाषणांत, बॅटरसीनें माणसाचा वर्ण न पाहतां त्याचें कार्य पाहिलें, ही वार्ता जगांतील सर्व वर्णीय राष्ट्रांपर्यंत जाईल, असा भाव त्यांनीं प्रकट केला. इंग्लंडांतील पहिले कृष्णवर्णीय महापौर मात्र ते नव्हेत. तो मान १९०४ सालीं थेटफर्ड गांवीं बहामा बेटांतून आलेल्या डॉक्टर ॲलन मिन्स यांनीं मिळविला होता. आर्चर हे लंडनमधील पहिले. साम्राज्य ऐन भरांत असतां त्याच्या राजधानींत हें घडलें, हें विसरतां कामा नये.

आतां मुंबईकडे वळूं. जमशेटजी टाटांचे भाचे शापुरजी सकलातवाला यांचा जन्म १८७४ सालीं मुंबईंत झाला. १९०५ सालीं ते इंग्लंडला गेले आणि पुढें कम्युनिस्ट झाले. १९२२ सालीं उत्तर बॅटरसीच्या मतदारांनीं त्यांस पार्लमेंटांत पाठविलें. त्या निवडणुकींत त्यांचे एजंट होते आर्चर! १९२३ सालीं सकलातवाला पराभूत झाले. १९२४ सालीं ते पुन्हां विजयी झाले, तेव्हांही एजंट आर्चरच होते. बार्बाडोसच्या खलाशाचा पुत्र आणि मुंबईचा पारशी यांनीं इंग्रज मजुरांच्या वस्तींत खांद्याला खांदा लावून काम करावें, हा योग विरळाच.

पुढें मजूर पक्षानें कम्युनिस्टांशीं संबंध तोडला. १९२६ सालीं बॅटरसींतही फूट पडली आणि आर्चर मजूर पक्षाकडे राहिले. १९२९ सालीं त्यांनीं त्या पक्षाच्या उमेदवाराचें एजंटपद पत्करलें, व सकलातवाला हरले. या प्रसंगास कोणी विश्वासघात म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. नगरमंडळांत एकेक ठराव संमत करून घेत गरिबांचें हित साधण्यांत आर्चर यांचें आयुष्य गेलें होतें. सकलातवालांची श्रद्धा क्रांतीवर होती. अन्याय दोघांसही सारखाच दिसत होता. त्याच्या निवारणाच्या मार्गाविषयीं त्यांचें एकमत राहिलें नाहीं. आपल्याही राजकारणांत असे वियोग कांहीं थोडे झालेले नाहींत.

१९३२ सालीं आर्चर वारले. एका मताची ती निवडणूक किंवा मुंबईकराशीं जडलेला व तुटलेला तो स्नेह फलकावर नाहीं. तेवढी जागाही नसते. परंतु ज्या मनुष्यास एके काळीं ‘तूं कोठला?’ असें विचारलें गेलें, तो येथें राहत होता, एवढें त्या भिंतीवर आज निःसंदिग्ध लिहिलेलें आहे.