राउंड द आयलंड रेस : वाइट बेटाभोवतीची हौशी नौकाशर्यत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट या बेटाला एका दिवसात वळसा घालण्याची शिडाच्या नौकांची वार्षिक शर्यत. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील काउझ येथील आयलंड सेलिंग क्लब ती उन्हाळ्यात भरवतो. मार्ग सुमारे ५० सागरी मैलांचा असून बेट सतत डाव्या हाताला ठेवावे लागते. काउझहून पश्चिमेला नीडल्सचे खडक, तिथून दक्षिण किनाऱ्याने सेंट कॅथरिन्स पॉइंट, पुढे पूर्वेकडचा बेंब्रिज लेजचा बोया आणि रायडच्या वाळूवरून परत काउझ, असा हा फेरा आहे. लहान नौका बाळगणाऱ्या साध्या सभासदांनाही एक खरीखुरी समुद्री शर्यत मिळावी, ही कल्पना मेजर सिरिल विंडेलर यांची. १९३१ साली पहिली शर्यत झाली तेव्हा २५ नौका उतरल्या आणि पीटर ब्रेट यांची ‘मेरी कन्सीट’ ही कॉर्नवॉलकडच्या मच्छीमारी बांधणीची अवघी २२ फुटी नौका पहिली आली. २००८ साली १,८७५ नौकांनी नावे नोंदवली, हा आजवरचा उच्चांक. शर्यतीची बातमी होते ती बहुधा वेगाच्या विक्रमांमुळे. २०१७ साली ‘कॉन्साइज १०’ या तीन सांगाड्यांच्या नौकेने हा फेरा २ तास २२ मिनिटे २३ सेकंदांत पुरा केला. पण अशा नौका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांना हवा तसा वारा दरवर्षी मिळत नाही. एरवी घरच्या माणसांना आणि मित्रांना घेऊन निघालेल्या हौशी लोकांचीच ही शर्यत आहे. तिची खरी कसोटी वारा पडलेल्या दिवशी लागते, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे. मंद वाऱ्याची शर्यत म्हणजे वाया गेलेला दिवस किंवा निव्वळ नशिबाचा खेळ, ही समजूत तपासून पाहिली तर टिकत नाही.

याचे कारण बेटाच्या भूगोलात आहे. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रपट्टीला सोलंट म्हणतात. ओहोटीचा प्रवाह तिच्यातून पश्चिमेकडे धावतो, भरतीचा पूर्वेकडे. पश्चिम टोकाला हर्स्टच्या किल्ल्यापाशी, आठव्या हेन्रीने १५४०च्या दशकात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या त्या बुरुजांखाली, ही पट्टी दीड किलोमीटरहूनही अरुंद होते आणि उधाणाच्या दिवसांत तिथे पाणी चार नॉटहून, म्हणजे तासाला चार सागरी मैलांहून, अधिक वेगाने ओढते. म्हणूनच शर्यतीची तारीख आणि सुरुवातीची वेळ पाण्याचे वेळापत्रक पाहून ठरते. पहाटे किंवा सकाळी ओहोटी सुरू व्हावी आणि तिने सगळ्या ताफ्याला नीडल्सपर्यंत ओढून न्यावे, हा हेतू. मात्र बेटाच्या दक्षिणेला, इंग्लिश खाडीतही, त्याच सुमारास पाणी थोड्याफार फरकाने पश्चिमेकडेच वाहत असते, आणि नीडल्सला वळसा घातलेल्या नौकेला आता पूर्वेकडे जायचे असते. ज्या ओहोटीने सकाळी साथ दिली तीच आता समोरून येते. भरती लागली की दक्षिण किनाऱ्यावर ती मदतीला येते, पण बेंब्रिज ओलांडून काउझकडे तोंड केले की तीच भरती आडवी येते. बेटाला फेरी घालणाऱ्याला पाणी सगळ्या बाजूंनी अनुकूल मिळणे बहुधा अशक्यच. कुठे कोणत्या घटकेला पोहोचायचे, एवढेच हाती उरते. जोराच्या वाऱ्यात सात-आठ नॉटने जाणाऱ्या नौकेला दोन नॉटचा विरोध जाणवतो, पण अडवत नाही. वारा पडून तिचा स्वतःचा वेग दोन नॉटवर आला की तोच विरोध तिला जागच्या जागी उभी करतो. पाण्याची ओढ दोन्ही दिवशी सारखीच असते, पण निकालातला तिचा वाटा मंद वाऱ्यात कितीतरी पटींनी वाढतो.

पाणी नौकेला नुसते वाहून नेत नाही, ते तिच्या वाट्याचा वाराही बदलते, आणि हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हवा अगदी स्तब्ध असली तरी तीन नॉटच्या प्रवाहात तरंगणाऱ्या नौकेच्या शिडांवर समोरून तीन नॉटची झुळूक लागते, कारण नौका स्थिर हवेतून ओढली जात असते. आता पश्चिमेकडून चार नॉटचा वारा आहे असे धरू. पश्चिमेला तीन नॉटने वाहणाऱ्या ओहोटीत त्या नौकेला सात नॉटचा वारा मिळतो. त्यात शिडे भरतात, नागमोडी चालीने वाऱ्याच्या रोखाने जाता येते. प्रवाह उलटला आणि पाणी तितक्याच वेगाने पूर्वेकडे धावू लागले, की किनाऱ्यावरच्या निशाणाला पूर्वीइतकाच वारा लागत असतानाही नौकेवर एकच नॉट उरतो. वारा पडला म्हणून हळहळणाऱ्या मंडळींचा वारा अशा वेळी पुष्कळदा पडलेला नसतो, त्यांच्या खालचे पाणी फिरलेले असते. ज्याने हे आधीच ओळखले तो प्रवाह उलटण्यापूर्वी अडचणीचे टोक ओलांडायची घाई करतो. अरुंद जागेत वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, नौका दर लाटेला थबकते. हर्स्टपाशी हे हमखास घडते.

मग विरोधात असलेल्या पाण्याशी दोन हात करायचे कसे? पहिला उपाय किनाऱ्याचा. तळाशी होणाऱ्या घर्षणाने उथळ पाण्यात प्रवाह मंदावतो, आणि भर पाण्यापेक्षा तो किनाऱ्यालगत लवकर उलटतो. भूशिरांच्या आड तर पाणी उलट्या दिशेने फिरणारे भोवरे धरते. म्हणून वाइटच्या दक्षिण किनाऱ्यावर ओहोटीविरुद्ध जाणाऱ्या नौका खडकांच्या जितके जवळ जाता येईल तितके जातात, आणि परतीला रायडच्या विस्तीर्ण वाळूच्या कडेकडेने भरती चुकवतात. त्यात धोका आहे. नीडल्सच्या दीपस्तंभालगत १९४७ साली बुडालेल्या ‘वारवासी’ या ग्रीक जहाजाचे अवशेष पाण्याखाली आहेत, आणि जवळचा रस्ता काढू पाहणाऱ्या नौका त्यांवर आदळलेल्या आहेत. रायडच्या वाळूत रुतणे हे तर दरवर्षीचे. दुसरा उपाय नांगराचा. पुढे जाता येत नसेल तर निदान मागे तरी जायचे नाही, म्हणून हलका नांगर लांब दोरावर टाकून उभे राहायचे. शर्यतीच्या नियमांत याला मुभा आहे, फक्त निघताना नांगर परत वर घेतला पाहिजे. शेजारच्या नौका शिडे फडफडवत मागे वाहत जातात तेव्हा नांगरावरची नौका जागेवर राहूनच आघाडी घेते. खोल पाण्यात मात्र दोर पुरत नाही. हर्स्टच्या चिंचोळ्या भागात तळ सुमारे ६० मीटर खोल आहे, म्हणून तिथे अडकण्याआधीच, उथळ पाण्यात असताना, निर्णय घ्यावा लागतो. तिसरी गोष्ट खाऱ्या वाऱ्याची. ढग नसलेल्या दिवशी जमीन तापते आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. सकाळचा निपचित पडलेला सोलंट दुपारी दहा-बारा नॉटच्या नैर्ऋत्य वाऱ्याने जागा होतो. तो आधी कुठे लागेल याचा अंदाज ज्याला येतो, तो सकाळची अर्ध्या तासाची पिछाडी भरून काढू शकतो.

मंद वाऱ्यातल्या शर्यतीचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा याच बेटाभोवतीचा आहे. २२ ऑगस्ट १८५१ रोजी रॉयल यॉट स्क्वॉड्रनने भरवलेल्या शर्यतीत ‘अमेरिका’ ही स्कूनर १४ ब्रिटिश नौकांविरुद्ध उतरली. तेव्हा फेरी उलट दिशेने, आधी पूर्वेला, होती. बेटाच्या पूर्वेकडच्या नॅब दीपनौकेच्या बाहेरून जायचे की आतून, याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या. ‘अमेरिका’ आतून गेली. पुढे तिने मोठी आघाडी घेतली, पण नीडल्स ओलांडल्यावर वारा पडत गेला आणि ‘ऑरोरा’ ही छोटी कटर जवळ जवळ येत राहिली. रात्री साडेआठनंतर ‘अमेरिका’ काउझला पोहोचली. ‘ऑरोरा’ किती मिनिटांनी मागे होती याच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, सहसा ८ मिनिटे सांगितली जातात. ‘अमेरिका’ १७० टनांची, ‘ऑरोरा’ ४७ टनांची, आणि आकारानुसार वेळेची सूट त्या दिवशी नव्हती. ती असती तर निकाल अटीतटीचा झाला असता. ज्या करंडकाने पुढे अमेरिकाज कप म्हणून जगभर नाव कमावले, त्याच्या जन्मदिवशीच मंद वाऱ्याने मोठ्या नौकेचे श्रेष्ठत्व जवळजवळ पुसून टाकले होते.

सूट नसण्याची ती अडचण विंडेलर यांच्या शर्यतीत आरंभापासून टाळली गेली. प्रत्येक नौकेला तिच्या क्षमतेनुसार एक गुणक मिळतो, लागलेल्या वेळेला त्याने गुणतात, आणि ज्याची सुधारित वेळ सर्वांत कमी त्याला गोल्ड रोमन बोल हा मानाचा करंडक मिळतो. इथे मंद वाऱ्याच्या विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो बाजूला सारता येणार नाही. गुणक स्थिर असतो, पाणी स्थिर नसते. समजा, मोठी नौका पाण्यातून ५ नॉटने जाते, लहान ४ नॉटने, आणि लहानीचा गुणक मोठीच्या ०.८० पट आहे. स्थिर पाण्यात दोघी बरोबरीत राहतील. आता २ नॉटच्या उलट्या प्रवाहात ६ मैल जायचे आहे. मोठीला २ तास लागतील, लहानीला ३ तास, गुणून २ तास २४ मिनिटे. म्हणजे २४ मिनिटांचा तोटा. हेच ६ मैल २ नॉटच्या अनुकूल प्रवाहात कापले तर मोठीला सुमारे ५१ मिनिटे, लहानीला ६० मिनिटे, गुणून ४८. फायदा जेमतेम ३ मिनिटांचा. जाताना गेले ते येताना मिळाले, असा हिशेब इथे लागत नाही. वारा जितका कमी तितकी ही तफावत भयंकर होते. त्यात भर म्हणजे शेकडो नौका एकदम सोडता येत नाहीत, त्या गटागटाने दहा-दहा मिनिटांच्या अंतराने निघतात, आणि शेवटच्या गटाच्या वाट्याला हर्स्टची ओहोटी उतरणीला लागलेली येऊ शकते. हा अन्याय आहे, आणि तो मान्य केला पाहिजे.

पण या गणितात एक गृहीत दडलेले आहे की दोन्ही नौका एकाच पाण्यातून जातात. तसे असायची गरज नाही. फोकबोट ही १९४०च्या दशकात स्कँडिनेव्हियात जन्मलेली सुमारे २५ फुटी नौका फक्त १.२ मीटर पाण्यात तरंगते. शर्यतीच्या मोठ्या नौकांना तीन मीटर आणि त्याहूनही जास्त पाणी लागते. रायडच्या वाळूवर ज्या पट्ट्यात प्रवाह अर्धा झालेला असतो तिथे फोकबोट जाऊ शकते, मोठी नौका जाऊ शकत नाही. वरच्या उदाहरणात लहान नौकेला २ नॉटऐवजी १ नॉटचा विरोध मिळाला तर तिला ६ मैलांना ३ तासांऐवजी २ तास लागतील, आणि गुणून ती २४ मिनिटांनी पुढे निघेल. अन्याय उलटवण्याचे साधन तिच्याच बांधणीत आहे, फक्त ते वापरायला तळाची खडानखडा माहिती हवी. फोकबोट आणि तिच्यावरून घडवलेली काँटेसा २६ या स्वस्त, जुन्या धाटणीच्या नौकांनी हा करंडक वारंवार जिंकला, यात मला हेच दिसते. दुसऱ्या टोकाला ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी ‘मॉर्निंग क्लाउड’ नावाच्या आपल्या नौकांतून तो चार वेळा जिंकला. निकाल निव्वळ नशिबाचा असता तर शेकडो नौकांत तीच नावे परत परत वर आली नसती. एखाद्या नौकेला झुळूक लागते आणि वीस वाव अंतरावरची दुसरी निश्चल राहते, एवढे नशीब प्रत्येक शर्यतीत असतेच. पण दहा-बारा तासांत अशा झुळका शेकड्यांनी येतात, आणि त्या बऱ्याच अंशी एकमेकींना फेडून टाकतात. हर्स्टला प्रवाह फिरण्याआधी पोहोचलो की नंतर, हा एकच निर्णय मात्र फेडला जात नाही, आणि तो नशिबाने घेतला जात नाही.

पाण्यावर स्वार होऊन जिंकणे ही शिडकामाची परीक्षा नव्हे, असेही म्हटले जाते. जागतिक शर्यतनियम याच्या विरुद्ध बाजूला आहेत. नौकेने वेगासाठी फक्त वारा आणि पाणी यांचाच उपयोग करावा, असे त्यांत आहे, म्हणजे पाणी हे वाऱ्याच्या बरोबरीचे मान्य साधन आहे. निषिद्ध आहे ते नौका हलवून, शिडे हापसून किंवा सुकाणू वल्ह्यासारखे चालवून पुढे सरकणे, आणि वारा पडल्यावर त्याचाच मोह सर्वांत जास्त होतो. आता प्रवाहाचे तक्ते फोनवर मिळतात, मग त्यात ज्ञान ते कुठले, ही शंका त्याहून रास्त आहे. तक्त्यातला आकडा एका तासाचा आणि बऱ्याच रुंद पट्ट्याचा असतो. उधाण आणि भांग (सर्वांत कमी ओढीची भरती-ओहोटी) यांच्यामधल्या दिवसाचा वेग अंदाजाने काढावा लागतो, हवेच्या दाबाने आणि आदल्या दिवशीच्या वाऱ्याने वेळा पुढेमागे होतात. खडकापासून पन्नास मीटरवर पाणी फिरले की नाही, हे बोयाभोवती उठणारा फेस आणि नांगरलेल्या होड्यांची तोंडे पाहूनच कळते. हे पाहायला पैसा लागत नाही. जोराच्या वाऱ्यात उत्तम शिडे आणि बारा जणांचा कसलेला चमू असलेल्या नौकेला जी बढत मिळते, ती इथे आपोआप मिळत नाही. मंद वाऱ्यासाठीची हलकी शिडेही महाग असतात, हे खरे आहे, पण चुकीच्या पाण्यात ती कितीही महाग असली तरी नौका मागेच जाते.

वारा पडलेल्या वर्षी मोठ्या संख्येने नौका माघार घेतात. रात्रीच्या ठरलेल्या वेळेत काउझ गाठणे शक्य नाही, हे दुपारीच दिसू लागते, आणि इंजिन सुरू केले की शर्यत संपली. म्हणून मार्ग आखूड करावा, अशी मागणी अधूनमधून होते. लहान मुले बरोबर असलेल्या नौकांचा विचार करता ती समजण्यासारखी आहे. पण नीडल्सपाशीच निकाल लावला तर फक्त अनुकूल ओहोटीचा टप्पा उरतो आणि पाण्याचा विरोध पत्करण्याचा सगळा भाग गळतो. त्यापेक्षा माघारीची वाट सोपी आणि सन्मानाची ठेवणे बरे. माघार घेणाऱ्याने आयोजकांना कळवणे बंधनकारक असते. कारण अंधार पडल्यावर बेटामागे कोण राहिले याचा हिशेब लागला नाही, तर काउझ, यार्मथ आणि बेंब्रिजच्या जीवरक्षक नौकांना शोधायला निघावे लागते.