दुखणं बैलाचं, मरण गिधाडाचं

मागच्या महिन्यात एका शनिवारी पहाटे आम्ही तिघं मित्र कसारा-विहीगाव-खोडाळा रस्त्याने मोखाड्याला निघालो. कारण खास काही नाही. आठवडाभर मॉनिटरसमोर बसून मान आखडली होती आणि डोंगर बघितले की बरं वाटतं, एवढंच. खोडाळ्याला चहाला थांबलो तेव्हा सवयीने बॅगेतली डायक्लोफेनॅकची गोळी काढली आणि रिकाम्या पोटीच चहाबरोबर गिळली. (हे करू नये. का ते पुढे येईलच.)

शेजारच्या बाकड्यावर एक आजोबा बसले होते. भात, नाचणी, बैलांच्या किमती अशा गप्पा निघाल्या. बोलता बोलता ते म्हणाले, "आधी ढोर मेलं न् माळावर टाकलं, का तासाभरात गिधाडं उतरायची. आता नुसती कुत्री."
"कुठे गेली हो बाबा गिधाडं?"
त्यांनी नुसते हात वर केले.

उत्तर माझ्या बॅगेतच होतं, हे घरी येऊन वाचत बसलो तेव्हा नीट उमगलं.

थोडं मागे जाऊ. विलो झाडाच्या सालीने ताप आणि ठणका उतरतो हे युरोपात फार जुन्या काळापासून माहीत होतं. १८९७ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने त्याच घराण्यातलं एक रसायन शुद्ध रूपात बनवलं आणि १८९९ मध्ये त्याचं 'ॲस्पिरिन' असं बारसं झालं. गंमत म्हणजे ते नेमकं काम कसं करतं हे पुढची सत्तर वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. चालतंय ना, मग कशाला हात लावा! शेवटी १९७१ मध्ये जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ॲस्पिरिन शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाही. १९८२ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता.

आता हे प्रोस्टाग्लँडिन म्हणजे आपल्या भाषेत ग्लोबल व्हेरिएबल. दुखऱ्या जागी सूज आणि वेदना आणतं तेच, जठराचं अस्तर सांभाळतं तेच आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखायला मदत करतं तेही तेच. गोळीला मान कुठली आणि जठर कुठलं हे कळत नाही. म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या सगळ्या भावंडांचे गुण आणि दोष एकाच ठिकाणून येतात. ठणका थांबतो, पण जळजळ, अल्सर, पोटात रक्तस्राव, मूत्रपिंडाला इजा हेही होऊ शकतं. ॲस्पिरिनने रक्त गोठणं मंदावतं, म्हणून हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्यांना ते कमी मात्रेत देतात. आणि नेमक्या त्याच कारणाने डेंग्यूचा संशय असताना ते घ्यायचं नसतं.

डायक्लोफेनॅक आलं १९७० च्या दशकात, सिबा-गायगी या स्विस कंपनीकडून. १९९० च्या दशकात भारतात त्याच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि ते जनावरांच्या डॉक्टरांच्या बॅगेतही गेलं. लंगडणाऱ्या बैलाला एक इंजेक्शन दिलं की बैल उभा. ज्याची सगळी शेती दोन बैलांवर आहे, त्याच्यासाठी ही चैन नव्हे.

त्याच सुमारास गिधाडं मरू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरची घट १९९९ मध्ये जगापुढे मांडली. आधी संशय एखाद्या विषाणूवर होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या ज्या २५ पक्ष्यांची तपासणी झाली, त्या सगळ्यांच्या शरीरात डायक्लोफेनॅक सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. युरिक ॲसिड बाहेर पडत नाही, चुन्यासारखं आतल्या अवयवांवर साचतं आणि पक्षी मान टाकतो.

बरं, अशी औषध दिलेली मेलेली जनावरं किती असावीत? हिशेब निघाला की शंभरात एखादं, किंवा त्याहूनही कमी, एवढ्यानेही हा संहार होऊ शकतो. कारण गिधाडं पंगतीने जेवतात; एक विषारी ढोर अख्खा थवा संपवतं. आणि मादी वर्षाला अंडं घालते एकच. १९९२ ते २००७ मध्ये भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. हजारातलं एक उरलं!

आजोबांनी सांगितलेली कुत्री हा पुढचा अध्याय. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये अंदाज मांडला, की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जादा माणसं दगावली. सडणारी ढोरं, दूषित पाणी, वाढलेली कुत्री आणि रेबीज.

जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरवर आणली. ॲसिक्लोफेनॅक तर गुराच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं! त्यावर आणि कीटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडलं. आपल्याकडे बग असाच पॅच करत नेतात. गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम मात्र केव्हापासून उपलब्ध आहे.

मला यात खलनायक सापडत नाही. डॉक्टरचं चुकलं नाही, शेतकऱ्याचं नाही, बैलाचं दुखणं तर खरंच होतं. औषधाच्या कागदावर साइड इफेक्ट लिहिलेले असतात ते घेणाऱ्याचे. घेणाऱ्याला जो खातो त्याचे कोण लिहिणार?

मोखाड्याला लागूनच, हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी 'उपाहारगृह' केलंय, तिथे सुरक्षित मृत जनावरं टाकतात. आणि इगतपुरी तालुक्यातलं टाकेद म्हणजे, लोक सांगतात, जटायू पडला ती जागा. परतताना आकाशात काहीतरी घिरट्या घालताना दिसलं. गाडी थांबवून तिघंही उतरलो.

घार होती.

असो. मान अजून दुखतेय. या वेळी आधी जेवतो, आणि गोळीच्या आधी खुर्चीची उंची बदलून बघतो.